काचा खाली करा, माई

“दिवा विझला ना मेस्त्री? मग झालं तर. आम्हाला नऊला निघायचंय,” केदार घळसासी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले.

दिवा म्हणजे डॅशबोर्डवरचा, इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा. आठवडाभर तो त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. कराडातल्या एका बँकेत ते नोकरीला होते. माणूस अतिशय टापटिपीचा. शर्टाची सुरकुती ज्याला खपत नाही त्याला गाडीतला दिवा कसा खपावा! त्यांच्या बायकोला, ऋताला, आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणून तिला माहेरी चिपळूणला पोचवायचं होतं. ती मागच्या सीटवर उशीला टेकून बसली होती आणि शेजारी तिच्या सासूबाई, माई, मांडीवर डबा घेऊन. मे महिना होता. साडेआठलाच ऊन चटके द्यायला लागलं होतं.

आण्णांनी बोनेटखालून डोकं वर काढलं आणि फडक्याला हात पुसले. आण्णा म्हणजे माझे वडील, धोंडीराम लोहार. पाटण रस्त्याला आमचं गॅरेज होतं आणि धोंडी मेस्त्री म्हटलं की कोयनेपर्यंत कुणीही पत्ता सांगायचं. आण्णांची ख्याती त्यांच्या हातांची नव्हती, कानांची होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि दोन मिनिटांत सांगायचं, तिसऱ्या सिलिंडरची व्हॉल्व्ह ढिली आहे. ते खरंच निघायचं. अलीकडे मात्र ते स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला न लावता दातांत धरायला लागले होते. गिऱ्हाइकांना त्याचंही कौतुक. म्हणायचे, मेस्त्री आता दातानं ऐकतात!

त्याच आवारात पत्र्याची एक केबिन होती, ती माझी. मी वैजयंता. आयटीआय करून आले होते, तेव्हा सव्वीस वर्षांची होते. केबिनमध्ये धूर तपासायचं पीयूसीचं मशीन, एक कॉम्प्युटर आणि गाड्यांच्या तक्रारी वाचणारा स्कॅनर. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली, पण मे महिन्यात एसी लावून काचा बंद केलेल्या गाडीत मी आजही बसू शकत नाही. लोक हसतात. हसू देत.

तर दिव्याची हकिकत अशी होती. आदल्या दिवशी मी गाडीला स्कॅनर लावला, तेव्हा त्यात तक्रार निघाली ऑक्सिजन सेन्सरची. हा सेन्सर स्पार्क प्लगसारखा दिसतो, बोटाएवढा. इंजिनातून धूर ज्या लोखंडी नळ्यांतून बाहेर पडतो, तिथे तो खुपसलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे तो चाखत राहतो. जास्त उरला तर इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो की पेट्रोल कमी पडतंय, वाढव. कमी उरला तर सांगतो, पेट्रोल जास्त झालं, आवर. सेकंदाला एकदोनदा त्याची ही चुगली चालू असते, म्हणून धूर साफ राहतो. केदारांच्या गाडीतला सेन्सर मात्र एकच रडगाणं गात होता. हवा फार, पेट्रोल कमी, हवा फार, पेट्रोल कमी.

“मेलाय सेन्सर,” आण्णा म्हणाले होते. “बदल.”

त्यांनी नवा सेन्सर बसवला, मी स्कॅनरने जुनी तक्रार पुसली आणि दिवा विझला.

“चालू करा साहेब,” आण्णांनी आता सांगितलं.

केदारांनी किल्ली फिरवली. रात्रभर थंड पडलेलं इंजिन सुरू झालं, आणि मला आवाज आला. टिक टिक टिक. कोंबडी पत्र्यावर दाणे टिपते तसा, बारीक आणि भरभर. इंजिन तापलं तसा तो हळूहळू विरून गेला.

मी आण्णांकडे बघितलं. ते बोनेटवर हात ठेवून शांत उभे होते.

“आवाज बरा आहे ना मेस्त्री?” केदारांनी विचारलं.

“लोण्यावानी चाललीय,” आण्णा म्हणाले.

मी गप्प बसले. आण्णा लोणी म्हणतायत तर लोणीच, मी कोण टिकटिक म्हणणारी?

“आणि पीयूसी? ती परवाच संपलीय,” केदार म्हणाले.

“दे की छापून,” आण्णा माझ्याकडे वळले. “मी हात लावल्याली गाडी हाय.”

आता जे सांगते ते सांगायला आजही जीभ जड होते. रीतसर तपासणी म्हणजे गाडी चांगली तापवायची, मशीनची नळी सायलेन्सरात घालायची, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. दहा मिनिटं तरी जातात. केदार घाईत होते आणि बाजूलाच एका डॉक्टरांची सर्व्हिसिंग झालेली गाडी सुरू होती. मी नंबरप्लेटचा फोटो केदारांच्या गाडीचा काढला आणि नळी डॉक्टरांच्या गाडीला लावली. आमच्या आवारात हे अधूनमधून व्हायचं, त्यात काही विशेष वाटायचं नाही. मशीनने ‘पास’ छापलं आणि मी कागद केदारांच्या हातात दिला.

“बाळ झालं की आंबे पाठवते हं आमच्याकडचे,” ऋता खिडकीतून म्हणाली. आदल्या दिवशी ती तासभर माझ्या केबिनमध्ये बसली होती, बाळाच्या टोपड्यांपासून नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत सगळं बोलून झालं होतं, फोन नंबरही दिला होता. मग तिने काच वर केली, एसी सुरू झाला आणि गाडी पाटणच्या दिशेने गेली.

साडेअकराच्या सुमाराला मी जरा मोकळी झाले. केबिनच्या टेबलावर काढलेला जुना सेन्सर पडला होता. भंगारात टाकण्याआधी म्हटलं बघू तरी, किती मेलाय. आयटीआयच्या सरांनी एक युक्ती शिकवली होती. सेन्सर पकडीत धरायचा, त्याचं टोक गॅसच्या बर्नरच्या ज्योतीत तापवायचं आणि तारांना मीटर लावायचा. ज्योतीत ऑक्सिजन उरत नाही, म्हणून चांगला सेन्सर लगेच व्होल्टेज दाखवतो. ज्योतीतून बाहेर काढला की हवा लागते आणि आकडा खाली येतो. मेलेला सेन्सर ढिम्म हलत नाही.

मी बर्नर पेटवला. अर्ध्या मिनिटात टोक लाल झालं आणि मीटरचा आकडा सरसर वर चढला. बाहेर काढला, खाली आला. पुन्हा ज्योतीत धरला, पुन्हा वर. दहा वेळा केलं. दहाही वेळा बरोबर.

सेन्सर ठणठणीत होता.

आधी मला नुसतं वाईट वाटलं, की उगाच चांगला माल काढला. मग डोक्यात पुढचा विचार आला आणि हातातली पकड खाली पडली. सेन्सर खोटं बोलत नव्हता, तर धुरात खरोखरच हवा होती. इंजिनातून नव्हे, मधूनच कुठून तरी शिरलेली. म्हणजे सेन्सरच्या आधी लोखंडाला चीर असणार. थंड असताना ती उघडी असते, टिकटिक वाजते, आणि लोखंड तापून फुगलं की आवाज बंद होतो, पण चीर काही बुजत नाही. धुराच्या दोन झटक्यांच्या मधे तिच्यातून हवा आत ओढली जात होती, म्हणून जुना काय नि नवा काय, सेन्सर बिचारा इमानाने सांगत होता की हवा फार आहे, आणि त्याचं ऐकून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत होता, वाढवतच होता. अर्धंमुर्धं जळलेल्या त्या पेट्रोलचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, प्रत्येक झटक्यासरशी त्याच चिरेतून बाहेर येऊन बोनेटखाली साठत होता. त्याला ना वास ना रंग. आणि बोनेटच्या मागच्या कडेलाच गाडीतल्या एसीसाठी हवा आत घेणारी जाळी असते.

गाडी पळत असली तर वारा त्याला उडवून नेतो. गाडी उभी राहिली तर काय, हा विचार मी पुरा केलाच नाही. धावत सुटले.

आण्णा एका जीपच्या चाकाशी वाकले होते. बाजूला दोन वडापवाले, म्हणजे पाटण–कराड जीप चालवणारे ड्रायव्हर, विडी ओढत बसले होते.

“आण्णा, जुना सेन्सर चांगला आहे!”

आण्णांनी वर बघितलं नाही.

“आण्णा!” मी दुसऱ्यांदा ओरडले. मग त्यांच्या समोर जाऊन उकिडवी बसले आणि सेन्सर त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. “हा चांगला आहे. ज्योतीत धरून बघितला.”

माझ्या वडिलांना कमी समजू नका. ते शाळेत चौथीपर्यंतच गेले, सेन्सरबिन्सर त्यांना आवडत नसत, पण इंजिन त्यांना डोळे मिटूनही दिसायचं. त्यांनी सेन्सर हातात घेतला, एकदा उलटा-सुलटा केला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“म्हंजी हवा आत घुसतीय. त्येच्या आदीच चीर पडलीय.” मग माझ्या तोंडाकडे बघत अगदी हळू आवाजात विचारलं, “सकाळी चालू केली तवा वाजत हुती?”

“हो.”

“तू ऐकलंस?”

“हो आण्णा.”

“मग बोलली का न्हाईस?”

त्यांनीच लोणी म्हटलं म्हणून, असं सांगायचं होतं. पण आता त्याला वेळ नव्हता. उठले आणि फोन लावला.

केदारांचा फोन लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग ऋताचा लावला. तो वाजला. वाजत राहिला. शेवटच्या रिंगला कुणीतरी उचलला.

“हॅलो...” आवाज माईंचा होता, झोपेतून उठल्यासारखा. “ऋता निजलीये.”

“माई, मी वैजयंता, गॅरेजमधली. तुम्ही कुठे आहात?”

“घाटात गं. कुंभार्लीच्या. पुढे ट्रक आडवा झालाय, तास होत आला, काही हलत नाहीये. ऋताला गाडी लागली बघ. दोनदा उलटी झाली. आता निजलीये बिचारी. माझंही कपाळ असं ठणकतंय म्हणून सांगू... केदारही मान टाकून बसलाय. घाट म्हटला की हे असंच.”

“माई, काचा खाली करा! आत्ताच्या आत्ता! गाडी बंद करा, सगळे बाहेर या!”

“काय म्हणतेस? तुटतंय गं.”

“काचा! काचा खाली करा, माई!”

“हो हो, एसी आहे चालू. तू नको काळजी करूस. पोरीला ऊन लागू देत नाही मी.”

आणि फोन कट झाला.

मी पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा, पुन्हा. तीच बाई त्याच गोड आवाजात तेच सांगत होती. गाडी लागणं म्हणजे काय, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. घाट आला की उलटी, डोकेदुखी, ग्लानी. कुणी लिंबू हुंगायला देतं, कुणी आवळासुपारी देतं, निजलं की म्हणतं निजू दे, बरं वाटेल. त्यात आठव्या महिन्याची पोटुशी बाई. तिला उलटी झाली, तिला झोप लागली, यात कुणाला काय वावगं वाटणार होतं? तिला प्रेमाने थोपटत थोपटत सगळेच झोपणार होते.

मी शंभर नंबरला फोन केला. त्यांनी गाडीचा नंबर नीट लिहून घेतला, पण पोलिसांची गाडी आडव्या ट्रकच्या पलीकडच्या अंगाला, चिपळूणच्या बाजूला होती. चालत माणूस पाठवतो म्हणाले.

“आपण जाऊ,” मी म्हटलं. “मोटरसायकल काढते.”

“कवा पोचशील? दीड तास लागंल,” आण्णा म्हणाले. लगेच ते केबिनच्या भिंतीवरच्या नंबरांच्या यादीशी गेले. “बाबालाल. घाटमाथ्यावर पंक्चर काढतोय त्यो. त्येच्या टपरीवर रेंज हाय.” त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, नंबर दाबला आणि कानाला लावला. तो फोन इतका कर्कश होता की पलीकडचं बोलणं मला तीन हातांवरूनही ऐकू यायचं.

“बाबालाल, मी धोंडी मेस्त्री! ऐक. लायनीत एक गाडी उबी हाय. काचा फोड तिच्या. आत मानसं मरत्यात!”

“आं? कंची गाडी मेस्त्री?”

“व्हय, घाटातच.”

“आवो कंची? रंग कंचा? हितं दोनशे गाड्या खोळंबल्यात!”

“व्हय व्हय. बिगीनं जा.”

“मेस्त्री, नंबर सांगा की!”

“तूच जा, दुसऱ्या कुनाला धाडू नगंस.”

फोनमधून बाबालाल घसा फाडून ओरडत होता, रंग सांगा, नंबर सांगा, आणि माझे वडील फोन कानात रुतवून, डोळे बारीक करून, हवेत मान डोलावत होते. मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पुन्हा पहिल्या. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी हात पुढे केला होता, पण फोन ओढून घ्यायचं धाडस होत नव्हतं. वडापवाले विडी विझवून उभे राहिले होते आणि बघत होते.

आण्णांनी फोन खाली घेतला.

“वैजू, तू बोल,” ते म्हणाले. “मला ऐकू येत न्हाई.”

“दीड वरीस झालं. डावा तर पुराच गेलाय,” ते वडापवाल्यांकडे बघून म्हणाले, जणू त्यांनी विचारलं होतं. “सकाळी बी मला काय ऐकू आलं न्हाई. म्या आपलं लोनी म्हनलो.”

मला हे ठाऊक होतं. घरात टीव्हीचा आवाज शेजारच्यांना ऐकू जायचा, आई एक वाक्य चारदा बोलायची, स्क्रूड्रायव्हर दातांत का गेला हे मला न कळण्याइतकी मी बावळट नव्हते. दाताच्या हाडातून त्यांना थोडं जाणवायचं. मी दीड वर्ष बघत होते आणि दीड वर्ष गप्प होते. धोंडी मेस्त्रीचा कान गेला, हे धोंडी मेस्त्रीच्या पोरीने कसं म्हणायचं? आणि सकाळी टिकटिक ऐकून मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा मला खरं तर पुरतं कळलं होतं की त्यांना ती ऐकू आलेली नाही. तरीही मी माझं तोंड उघडलं नाही. त्यांची लाज राखली.

मी फोन घेतला. “बाबालालचाचा, मी वैजू. चंदेरी रंग, मागच्या काचेवर पांढरा हत्ती चिकटवलाय. नंबरात शेवटी एकोणचाळीस. आत तिघं आहेत, एक बाई पोटुशी आहे. हाका मारत वेळ घालवू नका, काच फोडा, किल्ली बंद करा, चारी दारं उघडा आणि माणसं बाहेर ओढा.”

“टॉमी घिऊन निगालो,” बाबालाल म्हणाला. टॉमी म्हणजे टायर काढायची लोखंडी पहार. फोन तसाच चालू होता. मला त्याची चप्पल वाजताना ऐकू आली, मग तीही ऐकू येईनाशी झाली.

मोटरसायकल मी चालवली. आण्णा मागे बसले. फोन मी त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं की थरथरला की माझा खांदा दाबा. पाटणच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना ऊस होता, ऊन नुसतं ओतत होतं. शाळेत असताना पाठ केलेली सगळी स्तोत्रं मी सुरू केली. एकही पुरतं आठवेना. मनात हिशेब चालू होता की किती वेळ झाला. तासभर उभे आहोत म्हणाल्या माई. माझ्या फोनला पंधरा मिनिटं झाली. बाबालालला दोनशे गाड्यांत चंदेरी शोधायची. त्यात चंदेरी गाड्या काय कमी असतात? मी त्याला काळी सांगितली असती तर बरं झालं असतं, असाही एक वेडा विचार आला.

मल्हारपेठेपाशी आण्णांनी खांदा दाबला. मी ब्रेक मारला, गाडी रस्त्याच्या कडेला घसरली.

“गावली ताई,” बाबालाल धापा टाकत होता. “दोन काचा फोडल्या. बाप्या जरा बोलतोय, म्हातारी बी. वकारी काडत्यात, पन शुद्धीत हायत. पोरगी डोळं उगडंना.”

“श्वास?”

“हाय. लई बारीक हाय. मागच्या जीपवाल्यानं गाडी वळवली, तिगांस्नी घालून पाटनला धाडलंय.”

“आणि पोटातलं?”

“त्ये मला काय कळनार, ताई.”

“काय म्हनला?” आण्णा मागून विचारत होते. “वैजू, काय म्हनला त्यो?”

रस्त्याने माणसं जात होती, बैलगाडीवरचा एकजण थांबून बघत होता. मी आण्णांकडे वळले आणि भर रस्त्यात, गाव गोळा होईल अशा आवाजात ओरडले, “सापडले! पोरगी बेशुद्ध आहे! बाळाचं माहीत नाही!” दीड वर्षात मी पहिल्यांदाच त्यांच्याशी त्यांना ऐकू जाईल असं बोलले होते. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा मागे बसले.

पाटणच्या त्या छोट्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा जीप नुकतीच आलेली होती. ऋताला आत नेलं होतं. केदार बाकावर बसले होते, शर्टावर उलटी, कपाळाला काचेने झालेली जखम, नाकाला ऑक्सिजनची नळी. शेजारी माई. माईंच्या मुठीत अजून ऋताचा फोन होता.

“तू काहीतरी सांगत होतीस गं,” माई मला म्हणाल्या. “मला वाटलं, एसी चालू आहे का विचारतेस.”

मला तिथेच मातीत मिसळावंसं वाटलं.

आण्णा केदारांसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. “साहेब, चूक माजी हाय. चीर वाजत हुती, मला ऐकू आली न्हाई. माजं कान गेल्यात आनी म्या कुनाला सांगितलं न्हाई.”

“दिवा तर विझला होता ना मेस्त्री?” केदारांनी विचारलं. लहान मुलासारखं विचारलं.

“दिवा आम्हीच विझवला होता,” मी म्हटलं. “गाडी बरी झाली म्हणून तो विझला नव्हता. आणि पीयूसीची नळी मी तुमच्या गाडीला लावलीच नाही. दुसऱ्या गाडीला लावून कागद छापला. तुमच्याला लावली असती तर मशीनने तिथेच सांगितलं असतं.”

केदारांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं तोंड फिरवलं आणि आतल्या खोलीच्या पडद्याकडे डोळे लावले. त्यानंतर ते माझ्याशी आयुष्यात कधी बोलले नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पडदा अर्धवटच ओढलेला होता. आत ऋता पलंगावर होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, गाल नको तितके लाल. डॉक्टरीणबाई तिच्या पोटावर एक छोटं यंत्र फिरवत होत्या. बाळाचे ठोके ऐकवणारं यंत्र. त्यातून नुसती खरखर येत होती. बाईंनी ते डावीकडे सरकवलं. खरखर. खाली घेतलं. खरखर. नर्सने पंखा बंद केला. माईंनी पदर तोंडात कोंबला. केदार उभे राहिले होते आणि नाकातली नळी लोंबत होती.

आण्णा माझ्याशेजारी दारात उभे होते. त्यांना ती खरखरही ऐकू येत नव्हती. ते आळीपाळीने सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. डॉक्टरीणबाईंच्या, नर्सच्या, माझ्या. मग त्यांनी माझा दंड धरला.

“येतंय का काय?” ते कुजबुजले. त्यांची कुजबुज खोलीभर ऐकू गेली. “वैजू, सांग की. येतंय का?”

मी मान हलवली. नाही.

बाईंनी यंत्र काढलं, पुन्हा थोडं जेल लावलं आणि अगदी कडेला, बरगडीखाली, टेकवलं. खरखर झाली. मग तिच्या खालून काहीतरी आलं. आधी मला वाटलं माझीच छाती वाजतेय. पण ते फार भरभर होतं.

“आहेत,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच डोळे मिटले. “ठोके आहेत.”

“आहेत, आण्णा!” मी ओरडले. दवाखाना आहे, शांतता पाळा असं भिंतीवर लिहिलेलं होतं. “ठोके आहेत!”

आण्णांनी माझ्या ओठांकडे बघितलं, पण त्यांचा विश्वास बसेना. खोटं बोलून समजूत घालतेय असं त्यांना वाटलं असावं. आणि का वाटू नये? मग मी त्यांचा हात उलटा केला, तेलाने काळा पडलेला तळहात वर घेतला आणि यंत्रातून येईल तसा ठोक्यामागून ठोका त्यावर बोटाने वाजवायला लागले.

आण्णांनी मान खाली घातली. ते मोजत होते. सगळं आयुष्य त्यांनी हेच केलं होतं.

“लई पळतंय की गं,” ते घाबरून म्हणाले.

“बाळाचं असंच पळतं, बाबा,” डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या. “आईला शुद्ध येऊ दे आता.” मी तेही मोठ्याने सांगितलं.

थोड्या वेळाने माझं बोट अवघडलं आणि क्षणभर थांबलं. लगेच आण्णांनी माझं मनगट गच्च पकडलं.

“थांबलं?”

“नाही, नाही आण्णा! चालू आहे. माझं बोट थांबलं.”

“मग तू थांबू नगंस,” ते म्हणाले आणि त्यांनी तळहात पुन्हा माझ्यापुढे धरला.

ऋताने डोळे उघडून पाणी मागेपर्यंत मी तो ठोका त्यांच्या हातावर वाजवत राहिले.